काचेला लागलेले पेपर

१६ फेब्रुवारी

काचघराचं दार तिसऱ्या धक्क्याला उघडलं. आत पाच महिन्यांची कोंडलेली हवा. काचांवर शेवाळ, मांडणीवर वाळलेल्या वेली, खुंटीला दादाची टोपी — ती तशीच राहू दिली. वहिनी अंगणातूनच माघारी वळल्या. "तुम्हीच बघा भाऊजी, मला तिथे सर्दी होते." दादा गेल्यापासून त्यांनी आत पाऊल टाकलेलं नाही.

मी सुतार. दादा चिडवायचा, "तुझ्या हाताखाली मेलेलं झाडच तेवढं सरळ उभं राहतं." इस्पितळात मात्र मलाच म्हणाला — "माझ्या टोमॅटोचं बी काचघरात आहे. मार्चात टाक. बावीस वर्षं खंड पडलेला नाही." मी हो म्हणालो. दोन दिवसांनी गेला.

१७ फेब्रुवारी

काचा पुसायला फडकं मागितलं. वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच म्हणाल्या, "फडक्याचे धागे राहतात. मांडणीखाली जुन्या पेपरांची चवड आहे, ती घ्या." गरम पाण्यात धुण्याचा सोडा, त्यात कागदाचे बोळे. कागदांवर काहीतरी सांडून वाळल्यासारखे टिपके होते, पण त्या खरखरीनेच शेवाळ काय सुटलं! चाळीस काचा, आरशासारख्या. बऱ्याच दिवसांनी कामात जीव रमला. जेवणही गेलं.

१८ फेब्रुवारी

दोन तडकलेल्या काचा बदलल्या. कुंड्या धुतल्या.

२१ फेब्रुवारी

बी सापडत नाही. डबे, खोकी, टोपीचं अस्तरसुद्धा उलटून पाहिलं. वहिनींना विचारलं तर "असेल कुठेतरी" म्हणून भाजी निवडत राहिल्या.

२२ फेब्रुवारी

रोपवाटिकेतल्या बाईंकडे गेलो. दादाला वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या. म्हणाल्या, "डब्यात कशाला शोधताय? तुमचे भाऊ पिकलेलं फळ पेपरावर पिळायचे. बी कागदाला चिकटून वाळायचं. घड्या करून चवड लावून ठेवायचे."

त्याच चवडीने मी चाळीस काचा पुसल्या होत्या. तिथल्याच बाकावर बसलो.

बाईंना कळलं असावं. एक पाकीट पुढे सरकवलं. "हे पेरा. टोमॅटो तो टोमॅटो, कुणाला कळतंय?"

घेतलं. देवा, घेतलं मी ते.

२३ फेब्रुवारी

फेकलेले बोळे शोधून एकेक उलगडले. बहुतेक बिया चिरडलेल्या. थोड्याशा अखंड दिसल्या, पण सोड्याच्या कढत पाण्यातून निघालेलं बी कसलं उगवतंय? तरी फेकवेना. एका कुंडीत माती घालून ते तुकडे वर पसरले, चिमूटभर मातीने झाकले. पाणी घातलं नाही. पुरल्यासारखंच ते.

१ मार्च

पाकीट आठवडाभर खिशात. तेच पेरलं असतं तर वहिनींनी ती फळं दादाची म्हणून चिरली असती आणि मी समोर बसून खाल्ली असती. संध्याकाळी देवापुढे बसलो. काही मागितलं नाही. काय मागणार? पाकीट बाईंना परत देऊन आलो. "तुम्हीही तुमच्या भावासारखेच," म्हणाल्या. तसा मी नाही.

२ मार्च

वहिनींना सांगितलं. कणीक मळत होत्या. पेपर, सोडा, कुंडी, पाकीट — सगळं सांगितलं. हात थांबले नाहीत.

"मला माहीत होतं त्या चवडीत काय आहे," म्हणाल्या.

मला आधी अर्थच लागला नाही.

"मीच घ्या म्हटलं ना तुम्हाला? दर मार्चात ते मला कोंब बघायला हाक मारायचे. यंदा कोंब आले असते आणि हाक आली नसती. ते मला झेपलं नसतं, भाऊजी." मग कणीक दाबत, "माझ्या हाताने ते पेपर जाळवत नव्हते म्हणून तुमच्या हातात दिले. तुमचं पाप नाही ते."

राग यायला हवा होता. मी भांड्यातलं पाणी त्यांच्या कणकेत ओतलं, कारण ती कोरडी पडली होती.

३ मार्च

काचघराकडे गेलो नाही.

९ मार्च

उद्या माझ्या घरी परतायचं ठरवलंय. हत्यारं काचघरातच आहेत, सकाळी घेईन.

१० मार्च

सकाळी हत्यारं आणायला गेलो. उन्हाने काचघर ऊबदार झालं होतं. त्या कुंडीत तीन कोंब, एकाच्या डोक्यावर बीचं टरफल अजून तसंच.

माती ओली होती. मी एकदाही पाणी घातलेलं नाही. कुंडीशेजारी वहिनींचा स्वयंपाकघरातला पेला होता.

आत गेलो तसा बाहेर आलो. अंगणात उभं राहून हाक मारली — "वहिनी, कोंब आलेत, बघायला या."