थेंब पडतात

कारंजा लाड,
१० फेब्रुवारी २०२५

चि. धीरजला ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं 'हो ताई' म्हणतोस, म्हणून पत्र. जानेवारीत जाऊन एप्रिलअखेर परतणार असं तू सांगितलंस, त्यावर नीताचं लग्न २ मेला धरलं. माझ्या लेकीला मांडवात आणायला मामा तू एकटाच. आणि जहाज अजून गोदीतच! धनजचे व्याही पुंजाजी बाजारात भेटले. वांग्यांची पाटी उतरवता उतरवता विचारत होते, मामाचं जहाज हाय का एसटी, सुटूनच नाही राह्यलं! मी हसून वेळ मारून नेली. खरं काय ते कळव.

तुझी,
उज्ज्वला

बंदरावरून,
२४ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न.

जहाजाचं नाव लिहिता येत नाही. आमचं काम लढाऊ जहाजांना भर समुद्रात तेल देण्याचं. दोन जहाजांमध्ये जाड पाइप असतो. चाचणीत त्याचा सांधा गळतो. दोनदा दुरुस्त केला. तिसऱ्यांदा तासाभराने पाच-सहा थेंब पडले. एवढं चालतं, 'ठीक' लिही, असं सोबतचे म्हणाले. नोंदवही माझ्याकडे, मी 'थेंब पडतात' लिहिलं. आता नवा सांधा यायला दीड-दोन महिने, म्हणजे परतायला ऑगस्ट. माझं चुकलं का? आईला सध्या सांगू नकोस.

रागावलीस तरी लिहीत राहा.
धीरज

कारंजा लाड,
११ मार्च

चि. धीरजला आशीर्वाद.

~~पाच थेंबांसाठी लिहायलाच हवं होतं का?~~

तुझं चुकलं नाही. खोडलेली ओळ तुला वाचता येईलच. कागद बदलला असता, तर ते लपवणं झालं असतं. आणखी एक. तारीख ढकलली तर थेट दिवाळीनंतर. व्याही तेवढं थांबायला तयार नाहीत. म्हणून रोज दिवा लावताना मी मागते, तो सांधा मेपर्यंत गळत राहो, म्हणजे चार दिवसांची रजा काढून तू येशील. तिकडे समुद्रात कुणाचा तरी भाऊ तेलाची वाट पाहत असेल, हे कळत असून मागते. तुला माहीत असावं, एवढंच.

ताई

बंदरावरून,
२१ एप्रिल

ती. ताईस सा. न.

काल चार तास चाचणी झाली. एकही थेंब नाही. 'ठीक' मीच लिहिलं. लिहिताना हात अडला नाही, असं म्हणणार नाही. २५ला निघतोय. नीताला सांग, मामा पळाला नाही.

तुम्हा सर्वांचा,
धीरज

कारंजा लाड,
४ मे

चि. धीरजला आशीर्वाद.

लग्न नीट पार पडलं. मुलीच्या मामांनी मुलीला आणावं, असं भटजींनी दोनदा पुकारलं. मी मान खाली घातली. कुजबुज सुरू झाली, तशी आई उठली आणि तिने नीताचा हात धरला. भटजी थबकले. त्याले जलम म्याच देला, मंग पोर मी आनली तं काय बिघडलं, असं तिने सुनावलं. पुंजाजी म्हणाले, आना माय, जहाजापेक्षा तुमीच लवकर निंगाल्या! सगळा मांडव हसला. नीता रडता रडता हसली.

आज दिवा लावताना मागायला काही सुचेना. सांधा गळत नाही ना? नोंदवहीत लिहितोस, तसं मला लिही.

तुझी,
ताई