हँडल डावीकडे वळलं की

प्रिय पेई,

सुक्या माशांचा खोका पोचला. बाबा रोज पेजेबरोबर खातात आणि म्हणतात, "कीलुंगहून मासे येतात, पोरगी येत नाही." मी म्हणते, तिला काम असतं. तू कामामुळे नाही, त्या पुलामुळे येत नाहीस, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. आई जाऊन आठ वर्षं झाली. चिंगमिंगच्या सणाला तिची समाधी झाडायला तू दोनदाच आलीस, तीही संध्याकाळच्या आगगाडीने परत जायला.

बाबांची मोटारसायकल अजून आहे. मी ती शेतावर नेते. मधूनच बंद पडते आणि मनात आलं की सुरू होते. गॅरेजवाल्या आ-तोंगदादाने आठ वर्षांत प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्ब्युरेटर तीनदा उघडला. पण त्याच्या दुकानात ती एकदाही बंद पडली नाही. "तुझ्यावरच रुसते बघ," म्हणतो. मागच्या महिन्यात त्याने हँडलला बांधलेली कुरकुऱ्यांची हिरवी पुडी उलटी करून पाहिली आणि ओरडला, "काका, तारीख उलटलीय! यंत्राला नीट वाग म्हणून पुडी बांधायची आणि तीही शिळी? कशी वागेल ती?" बाबा काय ऐकून घेतात! "तुझ्या कॉम्प्रेसरवर पिवळी ठेवलीयस, ते आधी बघ. हिरवा दिवा म्हणजे चालू. पिवळी चालते का कुठे?"

बाबांचा डावा पाय आता नीट उचलत नाही, पण अंगणात गाडी उघडली की त्यांना स्टुलावर बसवत नाही. मंगळवारी गाडी मधल्या स्टँडवर लावून मी प्लग काढून इंजिनावर टेकवला आणि किक मारली. निळी, लख्ख ठिणगी. पुन्हा मारली, पुन्हा ठिणगी. बाबा वाकून बघत होते. तोल जायला लागला म्हणून त्यांनी हँडलचा आधार घेतला आणि ते डावीकडे वळलं. मी किक मारली. ठिणगी नाही. "थांब," बाबा म्हणाले. त्यांनी हँडल सरळ केलं. ठिणगी. डावीकडे. नाही. पेई, आम्ही वीस वेळा तेच केलं असेल, लहान मुलं दिव्याचं बटण खालीवर करतात तसं. हेडलाइटच्या मागे किल्लीकडून कॉइलकडे जाणारी काळी वायर होती. वरून धडधाकट. बाबांनी चाकूने सोलली तर आतली तार तुटून हिरवी पडलेली. हँडल सरळ असेपर्यंत टोकं टेकायची, डावीकडे ओढ बसली की सुटायची. दुकानात आ-तोंगदादा पुढचं चाक पकडीत घालून गाडी सरळच उभी करतो, मग त्याला सापडणार कशी?

बाबांनी ती वायर हेडलाइटच्या मागून कापून काढली. मग म्हणाले, "बांधावरून पुलाकडे वळताना डावीकडेच वळावं लागतं." त्यांनी हँडल पुन्हा डावीकडे वळवलं. "त्या दिवशी हॉस्पिटलात जाताना पुलावर बंद पडली, तशी पोरीने गाडी साइड स्टँडवर लावली. स्टँडवर लावली की हँडल डावीकडेच पडतं. मी मागे उभा होतो ना. किती किका मारल्या तिने! पायातून रक्त आलं. तिला फोन कर. सांग, वायर होती."

फोन मला जमला नाही. कारण सांगायचं ते एवढंच नाही. त्या दिवशी मी हॉस्पिटलात आईजवळ होते. ती दाराकडे बघत होती. तू आणि बाबा तांदळाच्या ट्रकमधून पोचलात तेव्हा उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी गाडी आणायला मीच पुलावर गेले. सरळ धरली आणि पहिल्याच किकला सुरू झाली. घरी येऊन, आईचा फोटो समोर असताना, सगळ्यांदेखत मी तुला म्हणाले, "काही झालेलं नाही गाडीला. पेट्रोलचा कॉक तरी उघडला होतास का?" मला वाटतं, तुझा स्वतःवरचाच विश्वास उडाला. तू उघडला होतास, पेई. तू सगळं बरोबर केलं होतंस. बोलताना मी चुकले, आणि आठ वर्षं गप्प राहिले तेव्हाही मीच चुकले. त्या वायरचा वीतभर तुकडा पाकिटात घातलाय. वाकवून बघ, सोललेली जागा सोडली तर वरून कळतच नाही. नवी वायर बाबांनी चांगली सैल सोडलीय. पुडी मात्र जुनीच आहे. आम्ही बदलणार नाही, ती तू आण. तारीख बघून आण, आणि हिरवीच.

तुझीच,
ताई