बदामाची आपल्याकडची बाजू

माय, आपल्या न् काकूच्या कुंपणातला तो बदाम तू विसरली नसशील. त्याच्यावर ठेवलास तेवढा डोळा तू आम्हा लेकरांवरही ठेवला नाहीस. थंडी पडली की त्याची आपल्याकडची, उन्हातली पानं लालभडक व्हायची आणि काकूकडची, तिच्या उंच भिंतीच्या सावलीतली, नुसती पिवळी पडायची. फुलांच्या पाट्या भरता भरता तू मान वर करून म्हणायचीस, "एकाच झाडाले दोन रंग काहून? जाऊबाई मुळात काहीतरी टाकून राहिली." मला ते पटायचं. पटायचं काय, मी काकूवर पाळतही ठेवायची.

मग तू तापानं पडलीस. काकू आंबील घेऊन दारात उभी आहे, आणि तू भिंतीकडे तोंड करून म्हणतेस, "वापस ने. जिनं झाड नाही सोडलं, ते मले काय सोडन?" काकू भरलं भांडं घेऊन परत गेली. तू त्याच तापात गेलीस. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच घोळतं, तू तिला उगाच परत पाठवलंस की बरोबर केलंस?

नॉर्मल स्कूलात मास्तरकी शिकून मी आता अकोल्याला मास्तरीण आहे. शाळेतही एक बदाम आहे. यंदा पानं रंगायच्या आधी मी काहींवर काळी चिंधी बांधली. पानातला हिरवा रंग ओसरला की आत मुळातच असलेला पिवळा दिसतो. लाल मात्र नव्यानं तयार होतो, पानात अडकलेल्या साखरेतून, आणि त्याला ऊन लागतं. दिवसा लख्ख ऊन न् रात्री कडक थंडी असली की तो चांगलाच चढतो. चिंधी सोडली, तर खाली पिवळा पट्टा आणि भोवती सगळं लाल. म्हणजे काकूनं काहीच केलं नव्हतं. मला रडू आलं.

रजा टाकली, बडनेऱ्याला उतरले, थेट काकूकडे गेले. ती आता फार थकली आहे. उन्हाचं सगळं सांगून म्हटलं, "माय तुह्यावर उगाच संशय घेत राहिली."

काकू चुलीकडे पाहत म्हणाली, "टाकत होती ना मी. मिठाचं पाणी. मुळ्या माह्या भिंतीत घुसत होत्या. वाटलं, मरन तं बरं. मेलं कुठं."

आंबिलीचं विचारायचं होतं. ते तसंच राहिलं.

तिनं चहा केला. हे पत्र टाकायला पत्ता नाही, कुणाच्या हाती लागणार नाही, म्हणून तुला सांगते. एकाच भांड्यातला चहा दोघींच्या कपांत होता, तरी तिनं पहिला घोट घेईपर्यंत मी थांबले.