शेवटच्या स्टेशनाचा सांधा

१० मार्च
वहीबाई, उशीर झाला लिहायला, माफ कर. आठवडाभर पान कोरं ठेवलं. डोकंच ठिकाणावर नव्हतं. रविवारी शिवांजलीच्या लग्नाची सुपारी फुटायची, पलूसचे पाहुणे. मुलगा फौजेत, घरचा ऊस — नातीला काय विचारायचं त्यात! आणि आज तिचा फोन : "आबा, रजा न्हाई मिळाली." बाईसाहेब शहरात मेट्रो चालवतात ना!

११ मार्च
विचारलं, तू एकटी नसलीस तर काय अडतं? म्हणाली, शेवटच्या स्टेशनाच्या पुढं रूळच नाही. गाडी आत येते आणि त्याच सांध्यावरून रूळ बदलून माघारी निघते. ती निघेपर्यंत मागची बाहेर ताटकळत. ड्रायव्हर गाडीच्या या टोकाकडून त्या टोकाला चालत गेला तर आणखी खोळंबा. म्हणून त्या टोकाला दुसरा ड्रायव्हर आधीच उभा करायचा. माणसं जास्त लागतात, म्हणून रजा बंद.

म्हणजे आमचा बोळच की! एक ट्रॅक्टर मागं सरून बाहेर पडल्याशिवाय दुसरा आत जात नाही. शी! एवढे शिकलेले, कोट्यवधी खर्च केला — पुढं थोडा रूळ टाकायला काय धाड भरली होती?

१३ मार्च
मुलाचे वडील दादासो येऊन गेले. रजेचं सगळं सांगितलं, तर म्हणतो, "आवं, मग गाड्या वाढवा म्हणावं की!"

म्हटलं, "बोळात धा ट्रॅक्टर घातलं तर धाच्या धा अडकत्यात."

"म्हंजी तुमच्या नातीवाचून मेट्रो बंद पडती व्हय?" दात काढून हसला. आमचेच बेदाणे मुठीमुठीनं तोंडात टाकत! वर म्हणे, "तसंबी लग्नानंतर नोकरी सोडायचीच हाय. सुपारी रविवारीच. न्हाईतर आमी मोकळं."

किळस आली मला त्या माणसाची. तरी हात जोडले.

१४ मार्च
आमची साळू, शिवांजलीची आजी, म्हणते, "स्टेशनाला शिव्या घालून पोरगी येनार हाय का?"

१५ मार्च
मोडलं. पाहुणे आलेच नाहीत. मांडव घातला नव्हता तेवढंच बरं. आमचा धैर्यशील, पोरीचा बाप, ताटावरून उठून गेला. ज्यानं ते स्टेशन बांधलं त्याचं वाटोळं होवो!

१६ मार्च
दीपमालाचा फोन. शिवांजलीच्याच खोलीत राहते, तीही मेट्रोच चालवते. "आबा, झाली का सुपारी? शिवांजलीचा फोन लागत नाही."

म्हटलं, तिला रजाच कुठं दिली तुमच्या लोकांनी!

ती हळूच म्हणाली, "दिली होती की. गुरुवारीच निघाली ती. गावाला जाते म्हणून."

पोरी, पसंत नव्हतं तर नसू दे. कोणी काही बोलणार नाही. कुठं आहेस तेवढं कळव. मला नको तर आजीला — पण आजच कळव.