या महिन्यात किती गेले?

तीर्थरूप मामांस,

भाचीचा साष्टांग नमस्कार (ऑफिसच्या खुर्चीत बसूनच घातला आहे, तरी गोड मानून घ्यावा). मामींचा गुडघा काय म्हणतो? तुमच्या चष्म्याची काडी अजून तारेनेच बांधलेली आहे, की घरात कुणी ते काम मनावर घेतलं? इकडे मी बरी आहे. म्हणजे आज आहे. बुधवारी नव्हते, आणि त्याला कारण तुम्ही.

माझी नोकरी नेमकी कसली हे तुम्हाला आजवर कळलेलं नाही (मामी अजून लोकांना "बँकेत आहे" म्हणून सांगतात), तेव्हा तिथूनच सुरुवात करते. कॉम्प्युटरच्या पोटात जी चिप असते, ती बनवणारी एक मोठी कंपनी आहे. दर तीन महिन्यांनी ती आपली कमाई जाहीर करते. तो आकडा काय येईल हे आधी ओळखून लिहायचं, आणि चुकला तर का चुकला हेही लिहायचं, याचा मला पगार मिळतो. लोकांनी नवे कॉम्प्युटर जास्त घेतले की चिप जास्त खपते, इतकं साधं गणित. बाकीचे त्यासाठी मोठमोठे तक्ते घेऊन बसतात. मी म्हटलं, सख्खा मामा कॉम्प्युटरच्या दुकानात बसलेला असताना तक्ते कशाला? म्हणून मी दर महिन्याला फोन करून विचारत होते, मामा, या महिन्यात किती गेले? तुम्ही आधी वीस म्हणालात, मग तीस, मग चाळीस. तेही खोल आवाजात, उसासा टाकून. मला वाटलं, धंद्याला दृष्ट लागू नये म्हणून माणूस हळू बोलतोय.

सोमवारी माझा अहवाल गेला: मागणी जोरात, कमाई वाढणार. साहेबांनी तो शेअर घेणाऱ्या आमच्या सगळ्या ग्राहकांना पाठवला. बुधवारी मी मोठ्या कौतुकाने तुमचं अभिनंदन करायला फोन केला. तर तुम्ही म्हणालात, "अगं, विकले कुठले? गेले म्हणजे बिघडले. बंद पडलेले आणून टाकतात लोक माझ्याकडे."

नवा म्हणाल तर सहा महिन्यांत एक गेला होता, आणि तोही परत आला होता. वर तुम्ही अभिमानाने सांगितलंत, की चाळीसच्या चाळीस चालू करून दिले, कुणाची रॅम खोडरबरने घासून, कुणाचा पंखा ब्रशने झाडून. म्हणजे चाळीस माणसं नवा घ्यायच्या बेताला आली होती आणि तुम्ही त्यांना दारातूनच माघारी धाडलंत. मी जी मागणी वाढली म्हणून जगाला सांगत होते, ती बुडवणारा इसम माझ्याच आईचा भाऊ निघाला.

गुरुवारी सकाळी राजीनामा घेऊन (तीनदा लिहिला, दोनदा शुद्धलेखन चुकलं) साहेबांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि संध्याकाळपर्यंत थांब म्हणाले. संध्याकाळी कंपनीचा आकडा आला. कमाई वाढली होती. घरगुती कॉम्प्युटरची मागणी साफ पडलेली, पण कुठल्याशा अवाढव्य यंत्रांसाठी लागणारी चिप धो धो खपली होती. साहेबांना अभिनंदनाचे फोन सुरू झाले. दोन फोनांच्या मध्ये ते मला म्हणाले, "आकडा बरोबर आला ना? मग कारण सावकाश शोधू."

तरी मी हट्टाने एक पान लिहिलंच: अंदाज बरोबर, कारण साफ चूक. त्यांनी नाक मुरडत सही केली. आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, की यापुढे दर महिन्याला दुकानदाराकडून बिघडलेल्यांचाच आकडा घ्यावा. बाकी एक मात्र मला आवडलं नाही. नवं काही खपत नाही हे तुम्ही आईलासुद्धा कळू दिलं नाहीत. आम्ही काय परके आहोत?

मामींना नमस्कार आणि गुडघ्याला विश्रांती.

तुमची लाडकी (बुधवारपासून जरा कमी)
भाची

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण असं, की पुढच्या तिमाहीतही मागणी वाढेल असं मी लिहून बसले आहे. तेव्हा कृपा करून हात जरा आवरता घ्या. आठवड्यातून दोघातिघांना तरी "आता हा नाही व्हायचा, नवाच घ्या" असं सांगा. तुमचंही भलं होईल.

ता. क. २. दादाबरोबर माझा लॅपटॉप पाठवते आहे. बिजागरी निखळली आहे आणि तीन बटणं दाबली जात नाहीत. इथला दुकानदार म्हणाला, सात वर्षं झाली, नवा घ्या. त्याला काय कळतंय. रविवारपर्यंत चालू करून द्या.