ओइवादादाची बंदूक आणि सायलेन्सर

कुह्मो, २ ऑगस्ट

चि. मार्ता हिस ओइवादादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम, फक्त शिकारमंडळाला वेड लागलंय. वीस तारखेला मधपंज्याची शिकार सुरू होते (त्या केसाळ मधखाऊचं खरं नाव आम्ही शिकारी घेत नाही, तुला ठाऊक आहे) आणि यंदा सायलेन्सरशिवाय कुणाला उभं राहू द्यायचं नाही, असा ठराव झाला. आजोबांची नऊ-तीन मापाची रायफल आधीच माझ्या खांद्याएवढी. पुढे तो डबा लावला, तर झाडीत वळताना झाडांची परवानगी काढावी लागेल. अध्यक्ष सायमीबाई म्हणतात, लावा नाहीतर घरी बसा. चाळीस वर्षं तळ्याकाठची जागा माझी आहे. ती गेली तर मी उरलो कशाला?

लोभ आहे तसा राहू दे.

तुझा दादा


तुर्कू, ८ ऑगस्ट

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

आजोबांची रायफल भिंतीला शोभते. तुझी तीनशेआठ मापाची आखूड रायफल धूळ खात पडली आहे, ती घे. अस्वलाला (मी खुशाल नाव घेते) तीही पुरते, असं आमचे हे हयात असताना म्हणत. आणि सायलेन्सर लावूनही ती दारातून आत येते. पण अडचण लांबीचीच आहे का रे? परवा फोनवर मी गुडघ्याचं सांगितलं, तर तू म्हणालास बटाटे छान झालेत. तुला ऐकू येत नाही का? शिकारी कुत्रा रोन्त्ती कुठे भुंकतोय हे न कळता जंगलात उभा राहिलास, तर मधपंज्या मागून येईल. मंडळाला खरं सांग.

रागावलास तरी माया कमी करू नकोस.

मार्ता


कुह्मो, १४ ऑगस्ट

चि. मार्ता, अ. आ.

मला सगळं ऐकू येतं. फोन जुना झालाय. तीनशेआठला सायलेन्सर लावून नेमबाजीची परीक्षा दिली. चार गोळ्या मारायच्या होत्या, पण बार झाल्याचं कळेचना. खांद्याला धक्का बसला, पण चर्चमध्ये बायको कोपर मारते तसा, आणि त्याकडे दुर्लक्ष करायची मला सवय आहे. मी मारत राहिलो. कागदी मधपंज्याला नऊ भोकं पडली. परीक्षकांनी त्याची माफी मागायला लावली, तेही मला कागदावर लिहून दाखवून. नऊही वर्मी लागल्या होत्या म्हणून पास केलं.

बरं, तुला म्हणून लिहितो. बिनसायलेन्सरचा बार, एवढंच मला नीट ऐकू येत होतं. मंडळाला सांगितलं तर जागा जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची.

कुणाला बोलू नकोस, एवढी कृपा असू दे.

ओइवा


तुर्कू, १७ ऑगस्ट

ती. दादास सा. न.

मूठ उघड. नाहीतर मीच सायमीबाईंना पत्र टाकते. मग हवं तर वर्षभर अबोला धर, पण जिवंत राहून धर.

मार्ता


कुह्मो, १९ ऑगस्ट

चि. मार्ता, अ. आ.

काल मंडळ सौनात वाफ घेत बसलं होतं, तिथे सांगितलं. मग बाहेर येऊन सायमीबाईंनी लिहून दाखवलं, की हे सहा वर्षांपासून सर्वांना ठाऊक आहे. म्हणून तर शेजारच्या जागेवरून कौको टोपी हलवून मला इशारा देतो. मी विचारलं नव्हतं, म्हणून कुणी बोललं नाही. त्यावर कौकोने कबूल केलं, की त्यालाही ऐकू येत नाही. तो पलीकडच्या जागेवरच्या पेन्त्तीची टोपी बघून हलवतो. पेन्त्ती माझी बघतो. आणि मी कौकोची. चाळीस वर्षं बिनसायलेन्सरचे बार काढून सगळे एकाच माळेचे मणी झालोत.

ऐकू येणारा मंडळात एकटा रोन्त्ती उरलाय. ठराव त्याच्या कानांसाठी होता. आमच्या कानांची वेळ गेली, हे तोंडावर सांगायचा संकोच वाटला म्हणे. माझी जागा शाबूत आहे. उद्या त्याचा पट्टा माझ्या हातात राहील, बाकीचे मला बघतील.

सायलेन्सर घट्ट आवळून ठेवलाय. आता स्वतःचा बारही मला कळणार नाही, मार्ता, आणि त्याचं वाईट वाटतं. पण रोन्त्ती वळून माझ्याकडे बघेल, तेव्हा समजेन की बार उडाला.

तुझा दादा