ताप उतरल्यावर

आष्टी, १२ सप्टेंबर २०२४

चि. अक्षतास बाबांचा जयभीम आणि मनापासून आशीर्वाद.

कान गेल्यापासून फोन माझ्या कामाचा राहिला न्हाई, म्हणून कागदावर लिहून शेजारच्या कल्याणला फोटो पाठवायला लावतोय. तुझ्या आईला तीन दिवसांपासून ताप आहे. डोळ्यांच्या मागं ठणकतं, अंग मोडून आलंय. इथल्या डॉक्टरांनी टायफॉइड सांगून दुखण्याचं इंजेक्शन दिलं. तरी बाई सोयाबीन बघायला निघाल्ती. मी तिची चप्पलच लपवली. तू घोर करू नकोस. आठवण ठेवून दोन ओळी लिहीत जा.

तुझे बाबा

जालना, १२ सप्टेंबर, संध्याकाळ

ती. बाबांना अक्षताचा सविनय जयभीम.

चप्पल लपवली हे बरं केलं, पण मला हा टायफॉइड वाटत नाही. आमच्या प्रयोगशाळेत या आठवड्यात रोज पाच-सहा जणांना डेंग्यू निघतोय. दुखण्याचं इंजेक्शन आता बिलकुल घेऊ देऊ नका, त्यानं रक्तस्राव होऊ शकतो. तापाला फक्त पॅरासिटामॉल द्या. उद्याच परतूरला नेऊन डेंग्यूची तपासणी करा, प्लेटलेट मोजून घ्या. अंगावर पुरळ आहे का, तेही कळवा. तुमच्या उत्तराकडे डोळे लागले आहेत.

तुमची अक्षता

आष्टी, १४ सप्टेंबर, सकाळ

चि. अक्षतास जयभीम आणि आशीर्वाद.

खुशखबर. काल आईला प्रवास झेपला नसता म्हणून परतूरला गेलो न्हाई, आणि आज पहाटे ताप आपोआप उतरला. डॉक्टरांनीही लिहून दाखवलं, आता तपासणी कशाला. ती झोपूनच आहे. हलवलं तर नुसते डोळे उघडते. दोनदा उलटी झाली, पोटावर हात धरून असते, हातपाय गार आहेत. अशक्तपणा असेल. छातीवर घामोळ्यासारखे लाल ठिपके दिसले. तुझी सुई टोचायची हौस मात्र हुकली बघ. तब्येतीला जप, जेवण टाळू नकोस.

तुझे बाबा

जालना, १४ सप्टेंबर, सकाळचे दहा

बाबा,

ताप उतरला याचा आनंद मानू नका. डेंग्यूत खरा धोका तेव्हाच सुरू होतो. रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतं आणि माणूस गार पडत जातो. आईचं तेच चाललंय. कल्याणदादांशी बोलले आहे, ते जीप दारात आणतील. डॉक्टरांना विचारायला थांबू नका. थेट जालन्याला या. मी दवाखान्यात वाट बघतेय.

अक्षता

वाटूर, २१ सप्टेंबर, दुपार

चि. अक्षतास जयभीम.

आईला घरी आणून दोन दिवस झाले. आज अर्धी भाकरी खाल्ली. त्या दिवशी तू माझ्या हाती दिलेला रिपोर्ट डोळ्यांपुढून हलत न्हाई. दीड लाख तरी हव्यात, तिथं अकरा हजार प्लेटलेट. आणखी दोन तास गेले असते तर हाती काही लागलं नसतं, असं मोठे डॉक्टर म्हणाल्याचं आम्ही घरी निघताना तू लिहून दाखवलंस. माझा तो आनंद मला आयुष्यभर बोचणार.

हे जालन्याकडं येताना जीपमध्ये लिहितोय, अक्षर हलेल. आपल्या गल्लीतल्या सर्जेरावांची नात तृप्ती, वय नऊ. चार दिवस ताप होता, आज सकाळी उतरला म्हणून ते हसत, खुणा करत सांगायला आल्ते. जाऊन पाहिलं तर पोरगी गार, हिरड्यांना रक्त. ते मान हलवून नको म्हणू लागले. मी म्हणालो, “सर्जेराव, मी बी असाच खुश झाल्तो. मंग अक्षताच्या आईला उचलून न्यावं लागलं.” ते वाटेतून बाजूला झाले. पोरीला मी उचललं.

तिचं डोकं माझ्या मांडीवर आहे. श्वास जल्दी जल्दी चाललाय. गल्लीत आणखी दोन घरी ताप आहे, तो अजून उतरला न्हाई. फोटो काढायला कल्याणनं गाडी थांबवलीय, म्हणून एवढंच. रक्त घ्यायची तयारी ठेव.

तुझे बाबा